शौथ्येनकाकांचा ओळखीचा पंप

मित्रांनो, मी एक जुना फवारणी पंप आहे. निळ्या प्लास्टिकचा, सोळा लिटरचा, पाठीवर घेऊन एका हातानं दांडा हलवायचा. चीनमध्ये, पिवळ्या नदीच्या दक्षिणेला पसरलेल्या सपाट मैदानात माझं सारं आयुष्य गेलं.

एका कारखान्यात साच्यात घालून मला घडवलं, आणि माझ्यासारख्या अनेक भावांबरोबर मी बाजारात आलो. तिथं मा शौथ्येन यांनी मला घेतलं. घेण्याआधी त्यांनी मला पाण्यानं भरून पाठीवर चढवलं आणि दुकानासमोर चक्क दोन फेऱ्या मारल्या.

"बायको पसंत करताना तरी एवढं बघितलं होतं का?" दुकानदार वैतागून म्हणाला.

"तिच्या बाबतीत मी फसलो नाही," शौथ्येन म्हणाले. "औषधाच्या बाबतीत फसलोय."

त्यांना खरंच फसवलं होतं. आदल्या वर्षी बोंडअळीसाठी त्यांनी आणलेल्या बाटल्यांत नुसतं रंगीत पाणी निघालं आणि नऊ मू, म्हणजे दीडेक एकर, जमिनीवरचा सगळा कापूस अळीनं खाल्ला. तेव्हापासून त्यांनी एक सवय लावून घेतली. नवी बाटली उघडली की आधी नाकाशी धरायची, मग एक थेंब दोन बोटांत चोळून बघायचा. वास झोंबला आणि बोटं बुळबुळीत झाली म्हणजे माल खरा. सगळं गाव त्यांच्याकडून हे शिकलं. कुणीही बाटली घेऊन यायचं, ते वास घ्यायचे आणि निकाल द्यायचे. मलाही मोठा अभिमान वाटायचा, कारण अशा मोठ्या माणसाच्या पाठीवर मी बसत होतो.

वीस वर्षं आम्ही दोघांनी मिळून शेत राखलं. कापूस गेला, गहू आणि मका आला. दर फवारणीनंतर ते मला तीन पाण्यांनी धुवायचे आणि छपराखाली खुंटीला टांगायचे. पण माझ्या झाकणाचं रबर झिजत चाललं होतं. त्यांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवला. तो वर्षभर टिकला. मग मी गळू लागलो. थोडंच, पण दर फवारणीला. त्यांच्या सदऱ्याच्या पाठीवर एक पिवळा डाग कायमचा बसला. त्यांची बायको सूफन तो घासघासून थकली. मी गळतोय हे मला ठाऊक होतं, मित्रांनो, आणि सांगायला मला तोंड नव्हतं.

मग गावात शेतं सांभाळायला घेणारी मंडळी आली. जमीन तुमचीच, पीक तुमचंच. नांगरट, पेरणी, फवारणी, कापणी आम्ही करू, असं त्यांचं म्हणणं. गावात तरुण उरलेच नव्हते, सगळे शहरात कामाला. आमच्या अंगणात बसून त्यांच्यातली एक मुलगी समजावून सांगत होती. तिचं नाव युनशिआ.

"काका, वय किती तुमचं? बहात्तर ना? सगळंच द्या आमच्याकडे."

"नांगरट घे," शौथ्येन म्हणाले. "पेरणी घे, कापणी घे. फवारणी माझी."

"का हो? तेच तर सगळ्यात जड काम."

"नांगरलेलं डोळ्यांना दिसतं. पेरलेलं आठवड्यानं उगवून दिसतं. कापणी तर आंधळ्यालाही कळते. तुमच्या टाकीत औषध आहे की पाणी, हे मला कोण दाखवणार?"

"टाकी भरताना शेजारी उभे राहा. हवं तर वास घ्या."

"आणि तुमचा ड्रोन वर गेल्यावर? मी काय त्याच्यामागे उडू?"

सगळे हसले. युनशिआही हसली, पण फवारणी सोडून बाकीच्या कामांपुढे तिनं कागदावर नाइलाजानं खूण केली. सूफन आतून म्हणाली, "अहो, सांगतेय ती मुलगी तर ऐका ना. गुडघे धड चालत नाहीत तुमचे."

"तुला कळत नाही. हा पंप माझ्या ओळखीचा आहे." त्यांनी माझ्यावर थोपटलं. तेव्हा मला किती आनंद झाला होता! आज त्याची लाज वाटते. परक्या माणसांची धास्ती त्यांनी वीस वर्षं बाळगली, आणि माझी एक दिवसही बाळगली नाही.

त्या साली श्रावणातल्यासारखी उमस होती. मका डोक्यापेक्षा उंच वाढला होता, आत वारा शिरत नव्हता. अळी दिसली म्हणून शौथ्येन घाबरले आणि औषध दुप्पट घातलं. माझ्या गळतीसाठी पाठीवर बांधायचं ते प्लास्टिक उकडतं म्हणून काढून ठेवलं. दोन टाक्या संपल्या. तिसऱ्या टाकीच्या मध्यावर त्यांचा हात दांड्यावर मंदावला. ते थांबले, ओकले, पुन्हा चार पावलं चालले. मग गुडघ्यांवर बसले आणि पुढे पडले. मी त्यांच्या पाठीवरच होतो. आडवा झालो तसा झाकणातून राहिलेलं सगळं औषध त्यांच्या मानेवर ओतलं गेलं. मला थांबवता आलं नाही.

बांधावरून काही दिसत नव्हतं. नुसता हिरवा मका. सूफनला वाटलं, कालव्याकाठच्या सावलीत आडवे झाले असतील. ऊन कललं तेव्हा ती एकेक ओळ धुंडाळत आत आली.

तालुक्याच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी त्यांनी प्राण सोडला. डॉक्टरांनी सूफनला स्पष्ट सांगितलं, कातडीतून औषध अंगात भिनलं. पण गावाला तिनं सांगितलं, ऊन लागलं. ज्या माणसानं सगळ्यांना औषध पारखायला शिकवलं तो फवारणीनं मेला, हे तिच्या तोंडून निघेना. लोक हसतील, असं तिला वाटलं.

लोक हसले नाहीत. त्यांनी आपापला अर्थ लावला. वीस वर्षं धडधाकट होता, शेताचं अर्धं काम परक्यांच्या हाती दिलं आणि त्याच साली गेला. बियाण्याला काहीतरी लावत असतील. जमीन रुसली. महिन्याभरात पाच घरांनी युनशिआकडची आपली नावं काढून घेतली.

पुढच्या उन्हाळ्यात, मका कमरेला लागला तेव्हा, शेजारचा फंग गुईलिन आमच्या दारात आला. तोही पासष्टीचा.

"वहिनी, दादांचा पंप द्या ना. माझा मोडलाय."

"तुझं शेत युनशिआकडे होतं ना?"

"काढून घेतलं. दादांचं झालं ते बघून."

सूफननं सगळं सांगितलं. गळणारं झाकण, सदऱ्यावरचा डाग, डॉक्टर काय म्हणाले ते. "मी खोटं बोलले रे, गुईलिन. पंपानं मारलं त्यांना."

"वहिनी, दादा गेल्यावर तुम्ही सगळं शेत युनशिआच्या माणसांकडे दिलंत. आता असं बोलायलाही त्यांनीच शिकवलं का?"

"माझा नवरा गेलाय!"

"म्हणूनच म्हणतो. दुःखात माणूस काहीही बोलतो. राहू द्या, दुसरीकडून आणतो." आणि तो गेला. वर्षभर दडवलेलं खरं बाहेर आलं ते इतक्या उशिरा, की ते कुणाच्या उपयोगी पडलं नाही.

त्या संध्याकाळी सूफननं पहार घेतली आणि माझ्या बुडात भोक पाडलं. मग मला शेताच्या बांधावर फेकून दिलं. आमच्यासारख्या जुन्या वस्तू आपल्या गोष्टीच्या शेवटी सांगतात, आम्हाला जपा. मित्रांनो, मी तसं सांगणार नाही. तिनं केलं ते बरं केलं. तुमच्या घरी माझ्यासारखा एखादा असेल आणि आजोबांच्या सदऱ्यावर डाग पडत असेल, तर गप्प बसू नका. ते रागावतील. रागावू द्या.

आता मका पुन्हा डोक्यावर गेला आहे. आमच्या शेतावर ड्रोन येतो आणि जातो. शेजारच्या शेतात गुईलिन उसन्या पंपाचा दांडा हलवत आत शिरलेला असतो, दिसत नाही. तो फवारायला आला की सूफन हातातलं काम टाकून बांधावर येऊन उभी राहते आणि थोड्या थोड्या वेळानं ओरडते, "गुईलिन, ओ दे!"

"आहे हो, आहे! डोकं खाऊ नका!" मक्यातून वैतागलेला आवाज येतो.

ती खाली बसते. पुन्हा उठते. पुन्हा हाक मारते, आणि ओ येईपर्यंत श्वास रोखून उभी राहते.