उसनी उडी

"मम्मी, तू कुठनं मारायचीस उडी? इथनं?" मोनानं आजोळच्या विहिरीच्या काठावर पाय टेकवून विचारलं, आणि वर्षाराणी घाईनं तिच्याजवळ आली.

आठ वर्षांची मोना जर्मनीत जन्मलेली. मराठी मात्र आईकडून उचललेलं, त्यामुळं कोल्हापूरच्या बायकांसारखी ‘मी जातो, मी खातो’ असंच बोलायची. तिथल्या शाळेनं तिला पोहायला शिकवलं, बिल्लाही दिला. वर्षाराणी तेव्हा बाकावर टॉवेल घेऊन बसायची. घरी निजवताना मात्र सांगायची, "तुझ्याएवढी असताना मी आमच्या हिरीत थेट वरनं उडी टाकायचो. तळाची माती काढून आणायचो."

आता घ्या! विहीर हीच, माती खरी, उडीही खरी. फक्त ती मारायचा तिचा भाऊ कृष्णात. वर्षाराणी काठावर त्याचे कपडे राखायची. नवव्या वर्षी एकदाच ती पायऱ्या उतरून कमरेएवढ्या पाण्यात गेली, तर तिच्या वडिलांनी, आबांनी, वेणीला धरून वर ओढलं. "पोरीच्या जातीनं हिरीत उतरायचं न्हाय," एवढंच म्हणाले.

पाण्याखाली कुठंतरी कातळाची कड पुढं आली होती. कृष्णात ती चुकवून उडी मारायचा. कुठली बाजू, ते वर्षाराणीला आठवेना.

"सांग की! मी मारतो आता." मोनानं गुडघे वाकवले.

"थांब!" वर्षाराणीनं तिचा दंड पकडला. पाय मुरगळलाय म्हणावं, ऊन लागतंय म्हणावं, आणखी एक थाप सहज खपली असती. पण पोर आपल्या भरवशावर उडी मारणार होती. "मला ठाऊक न्हाय, मोना. त्या उड्या मामाच्या. मला पवायलाच येत न्हाय."

"म्हणजे सगळं खोटं?"

"व्हय."

मोनानं हात सोडवून घेतला आणि आईकडं पाठ करून बसली. परदेशात रोज रात्री जे बालपण वर्षाराणी पोटभर जगली होती, ते एका शब्दात गेलं. तिला रडू आवरेना.

आंब्याखाली बसलेले आबा सगळं ऐकत होते. ते उठले, खोपीत गेले आणि पांगिऱ्याच्या लाकडाचा जुना बिंडा घेऊन आले. हा हलका ओंडका पाठीला बांधूनच गावची पोरं पोहायला शिकत.

"मला नको, मला येतंय पवायला," मोना फुरंगटून म्हणाली.

"तुला न्हाय. तुझ्या आईला."

"आबा, एक्केचाळीस वर्सांची हाय मी. लोक बघतील."

"बघू देत. त्या दिवशी लोकांलाच भ्यालतो मी." आबा बिंडा तिच्या पाठीला बांधू लागले. गाठ तिसऱ्या खेपेला बसली.

मोना थोडा वेळ बघत राहिली. मग उठली, पायऱ्या उतरून पाण्यात शिरली आणि वळून म्हणाली, "पाय कसं मारायचं, मी दाखवतो. पण परत खोटं न्हाय बोलायचं."

वर्षाराणी कमरेएवढ्या पाण्यापर्यंत आली. तीच पायरी होती. मागं आबा बिंड्याच्या दोरीचं टोक धरून उभे होते. त्यांचा हात पुढं आला, तशी तिनं नकळत मान आखडून घेतली.

बिंड्याच्या गाठीत तिची वेणी अडकली होती. आबांनी ती हळूच सोडवली आणि खांद्यावरून पुढं टाकली.

"जा आता," ते म्हणाले.