सोडून आलेली

दारात तस्नीम उभी होती. खांद्याला लॅबची निळी पेटी, हातात हेल्मेट. नागरत्ना मिसच्या हातात उप्पिटाचा कालथा होता आणि अंगावर घरातला गाऊन. दोघींनी एकमेकींना ओळखलं.

"कोण गं, नागू?" आतून श्रीकंठय्यांचा आवाज आला. "लॅबची मुलगी असेल. ये अम्मा, ये. आत ये."

तस्नीमने चपला काढल्या. मिसकडे तिने पुन्हा पाहिलं नाही.

श्रीकंठय्या खुर्चीत बसले होते. कपाळावर विभूती, अंगावर धुवट पांढरा शर्ट. कुवेंपुनगरच्या त्या गल्लीत लोक त्यांना देवमाणूस म्हणत. भजनाला पेटी तेच वाजवत, कुणाच्या घरी मयत झाली तर सगळ्यात आधी तेच पोचत. त्यांनी आपणहून बाही वर केली.

"सर, उपाशीपोटी आहात ना?"

"कसला उपाशी, अम्मा!" श्रीकंठय्या हसले. "हिनं आत्ताच बशीभर उप्पिट खाऊ घातलं. काल दोनदा सांगितलं होतं हिला, उद्या रक्त द्यायचंय म्हणून. पण लक्षात राहत नाही बिचारीच्या. मी रागावत नाही हं. आजारच आहे तो, त्याला ती काय करणार?"

काल त्यांचा फोनसुद्धा आला नव्हता. मिसना हे पक्कं ठाऊक होतं. निदान दार उघडेपर्यंत तरी ठाऊक होतं.

"चुकलंच माझं," त्या म्हणाल्या.

तस्नीमने पेटी बंद केली. "मग उद्या येते, सर." चपला घालताना तिने एकदा मान वर केली, मिसच्या हातातल्या कालथ्याकडे पाहिलं आणि निघून गेली.

"पोरगी ओळखीची आहे का तुझ्या?" श्रीकंठय्यांनी विचारलं.

"नाही."

"बरं झालं. तू इथं येतेस हे कुणाला सांगू नकोस, नागू. एवढा तमाशा करून गेलीस, आता लोक हसतील तुला. मला काय, मी चालवून घेतो."

मिस स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ मोठा सोडून भांडी घासत राहिल्या.

आदल्याच दिवशी, शनिवारी, हीच तस्नीम ग्रुपमध्ये सगळ्यांसमोर म्हणाली होती, "मी नागरत्ना मिसचं बघून घर सोडलं."

तो ग्रुप सरस्वतीपुरममधल्या एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर भरायचा. फिलोमिना मॅडम तो चालवत. मूळच्या मंगळूरच्या, बोलायला सावकाश. गोल मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर सातआठ माणसं बसत आणि ज्यांना जीव लावला त्यांनीच आपल्याला कसं पोखरलं, ते जमेल तसं सांगत. कुणाचा नवरा, कुणाची आई. मिठाईवाल्या लोकेशचा तर सख्खा मोठा भाऊ. मिस शेजारणींना सांगत, गुडघ्याच्या डॉक्टरकडे जाते. पण ग्रुपमध्ये त्यांना मान होता. मुलींच्या हायस्कुलात पंचवीसएक वर्षं पी.टी. शिकवलेली बाई, शिट्टी वाजवली की अख्खं मैदान गप्प. अशी बाई सोडून येऊ शकते, तर आपणही येऊ, असं बाकीच्यांना वाटे.

ही शिट्टीवाली बाई घरी कशी होती, ते मैदानाला कधी कळलं नाही. श्रीकंठय्यांनी कधी हात उगारला नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. ते फक्त बोलणं बंद करत. थ्रोबॉलच्या मुलींना घेऊन मिस हासनला गेल्या, कप जिंकून आल्या, तर घरात आठवडाभर शब्द नाही. पाया पडून कारण विचारलं की म्हणत, "मी कुठं रागावलोय? तुला काहीतरीच भास होतात. डोकं दाखवून घे एकदा." मिसनी बाहेरगावच्या स्पर्धा सोडल्या. मग भावाकडे जाणं सोडलं. मग कुठली गोष्ट खरंच घडली आणि कुठली आपल्याला नुसती वाटली, हे त्या नवऱ्यालाच विचारू लागल्या.

दीड वर्षापूर्वी स्टाफरूममध्ये हेडमिस्ट्रेसनी सहज विचारलं, "मिस, चहा घेणार की कॉफी?" आणि मिसनी पर्समधून फोन काढला. "एक मिनिट हं, यांना विचारते." सगळ्या हसल्या. त्यांना गंमत वाटली. मिसही हसल्या, आणि मग बाथरूमची कडी लावून तास संपेपर्यंत आतच बसून राहिल्या. त्याच महिन्यात त्यांनी एका शिंप्याच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली.

इथपर्यंतची गोष्ट त्यांनी ग्रुपला सांगितली होती. पुढची नाही. सहा महिन्यांनी श्रीकंठय्यांचा फोन आला होता. शुगर वाढलीय, खानावळीचं पोटात राहत नाही, पण तू येऊ नकोस, तुझं तू सुखात राहा. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मिस गेल्या. आणि मग दर रविवारी जातच राहिल्या.

पुढच्या शनिवारी तस्नीमची खुर्ची रिकामी होती.

"ती इम्तियाजकडे परत गेली," फिलोमिना मॅडमनी सांगितलं. "बुधवारी फोन केला होता मला."

इम्तियाज म्हणजे तिचा नवरा. ती कामावर निघाली की गोळ्यांची बाटली हातात घेऊन दारात बसणारा. जा, पण परत येशील तेव्हा मी नसेन, असं म्हणणारा.

"अय्यो! का पण?" लोकेशने विचारलं. "मिसचं बघून तर निघाली होती पोरगी."

मिस खिडकीबाहेर बघत राहिल्या. कुणीतरी आपल्या अंगावरची साडी फेडतंय आणि सगळे बघतायत, असं त्यांना झालं.

सोमवारी शाळा सुटल्यावर त्या लॅबवर गेल्या. तस्नीम काउंटरमागे बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवत होती. मिसना पाहिल्यावर तिने ओढणी सारखी केली आणि बाहेर जिन्यापाशी आली.

"मी कुणाला सांगणार नाही, मिस," ती हळूच म्हणाली. "तुम्ही घाबरू नका."

एवढी लाज मिसना दारात कालथा घेऊन उभं राहतानाही वाटली नव्हती. आपण तिच्यासाठी आलो आणि पोरीला वाटतंय, तोंड बंद ठेव म्हणून सांगायला आलो. आणि ते थोडंफार खरंही होतं.

"तू का परत गेलीस?"

"तुम्हीच सांगा. तुमच्यासारख्या बाईला नाही जमलं, तर मला काय जमणार?" तस्नीमचा आवाज चढला. "तुम्ही म्हणाला होता, मागं वळून बघितलं नाही म्हणून. टाळ्या वाजवल्या आम्ही. मी रात्र रात्र तेच आठवत बसायची, खालाच्या, माझ्या मावशीच्या घरी. आणि तुम्ही तिथं उप्पिट करत होता!"

आतून कुणीतरी तिला हाक मारली.

"शनिवारी ये," मिस म्हणाल्या. "एकदाच. मी बोलणार आहे. मग तुला काय करायचं ते कर."

तस्नीम आली. दाराजवळच्या खुर्चीत बसली, हेल्मेट मांडीवर घेऊन, निघायच्या तयारीत.

मिसनी पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली.

"घाई नाही," फिलोमिना मॅडम म्हणाल्या.

"मी दर रविवारी जाते," मिस म्हणाल्या.

"कुठं, मिस?" लोकेशने विचारलं.

"घरी. त्यांच्याकडं. स्वयंपाक करते, कपडे धुते. तुम्हाला खोटं सांगितलं मी." त्यांनी साडीचा काठ मुठीत धरला होता. "ते मला वेडी म्हणतात, परक्या माणसापुढं. आणि मी म्हणते, चुकलंच माझं."

लोकेशने खुर्ची थोडी पुढे ओढली.

"त्यांची दया येते म्हणून जाते, असं सांगितलं असतं तर बरं दिसलं असतं. पण तसं नाही. मला आनंद होतो जाताना. शनिवारपासून जीव थाऱ्यावर नसतो. वाटतं, उद्या तरी म्हणतील, नागू, छान झालंय गं. पन्नाशी उलटली माझी. आणि मी वाट बघते, उप्पिट छान झालंय म्हणतील म्हणून."

फिलोमिना मॅडमनी विचारलं, "आनंद होतो, हेच सांगायला सगळ्यात जड गेलं ना?"

"हो."

"इतके दिवस ते एकटीनं सांभाळलंत. आता आम्ही आहोत."

लोकेश आपल्या पोटाकडे बघत होता. "मिस, मी अजून भावाला विचारून शर्ट घेतो," तो म्हणाला. "हासुद्धा त्यानंच पसंत केलाय."

शर्ट भडक पोपटी होता. कुणीतरी फसकन हसलं, मग लोकेशही हसला. मिसनी मान वर केली तेव्हा दाराजवळची खुर्ची रिकामी होती. तस्नीम कधी उठून गेली, त्यांना कळलं नाही.

रविवारी सकाळी मिसनी खोलीला कुलूप लावलं. आज जायचं नाही, हे त्यांनी रात्रभर स्वतःला बजावलं होतं. तरी उजाडताच बाजारात जाऊन त्यांनी शेपूची जुडी आणली होती, श्रीकंठय्यांना तांदळाच्या अक्कीरोटीत आवडतो म्हणून. पिशवी हातात घेऊन त्या जिना उतरल्या.

खाली शिंप्याच्या बंद दुकानासमोर स्कूटर उभी होती. तस्नीम पायरीवर बसली होती, शेजारी एक फुगलेली बॅग.

"दोनतीन दिवस ठेवून घ्याल का, मिस?" ती उठून म्हणाली. "खालाकडं गेले की तो तासाभरात येऊन बसतो. इथलं त्याला माहीत नाही." मग तिचं लक्ष पिशवीकडे गेलं. "कुठं निघालात?"

बाजारात, असं म्हणता आलं असतं.

"तिकडंच," मिस म्हणाल्या.

आता पोरगी बॅग उचलेल, असं त्यांना वाटलं. तस्नीमने त्यांच्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि ती पुन्हा पायरीवर बसली.

"या जाऊन. मी थांबते इथंच. मला दुसरीकडं कुठं जायचं नाहीय."

मिस रस्त्यापर्यंत गेल्या. एक रिक्षा आली, थांबली, त्यांनी काहीच सांगितलं नाही म्हणून निघून गेली. त्या परत आल्या आणि त्यांनी तस्नीमची बॅग उचलली.

वर त्यांनी तांदळाचं पीठ परातीत घेतलं. तस्नीम शेपू निवडायला बसली. दोघींचे फोन ओट्यावर पालथे ठेवलेले होते. एक थांबला की दुसरा थरथरायचा. दोघींपैकी कुणीही तिकडे बघितलं नाही.

"मीठ किती घालू, मिस?"

"घाल तुझ्या अंदाजानं."

मिसचा फोन पुन्हा वाजू लागला. थरथरत थरथरत तो ओट्याच्या कडेपर्यंत सरकला. मिसनी पिठाने भरलेल्या हाताने तो मागे ढकलला. त्यांनी तो उचलला नाही. पण तो पडून फुटावा, असंही त्यांना अजून वाटत नव्हतं.