घंटी वाजली तरी बाळ पाळण्यातच

मी एक जुना पाळणा आहे, मित्रांनो, पण मला दोऱ्या नाहीत आणि कुणी झोकाही देत नाही. विमानात सगळ्यात पुढच्या रांगेसमोर जी भिंत असते ना, तिला दोन आकड्यांनी अडकवतात तो मी. विमानातला असूनही मी भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो. उगाच शूर असल्याचा आव कशाला आणायचा?

एका कारखान्यात माझा जन्म झाला. हलक्या धातूची चौकट, तिच्यावर जाड निळं कापड आणि तळाशी पातळशी गादी. तिथल्या तपासनीस बाईंनी माझ्यात अकरा किलो वाळूची पिशवी ठेवली, मला गदागदा हलवलं आणि माझ्या कडेला एक चिठ्ठी शिवली. बाळ अकरा किलोच्या वरचं नको, आणि पट्टे बांधायची घंटी वाजली की बाळाला काढून मांडीवर घ्या, एवढंच त्या चिठ्ठीवर होतं. म्हणजे विमान हलायला लागलं की माझा भरवसा नाही! जन्मतःच अंगावर असं शिवलेलं असल्यावर मी भित्रा होणार नाही तर काय होणार?

नऊ वर्षं मी काम केलं. विमान वर गेलं की मला अडकवायचं, उतरण्याआधी काढून कपाटात कोंबायचं. बाळं माझ्यावर दूध ओकली, माझी गादी भिजवली, पण त्याचं मला कधी काही वाटलं नाही. ‘हात मोकळे झाले गं बाई,’ असं एखादी आई म्हणाली की मी सुखावायचो. बाळ मांडीवर गेलं की मात्र लोक माझ्यात रिकामे पेले आणि चुरगळलेले कागद टाकायचे. घंटी वाजली की माझी छाती धडधडायची, आणि बाळ उचललं गेलं की मी सुटकेचा श्वास सोडायचो. नऊ वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती.

त्या दुपारी पहिल्या रांगेत आई, बाबा आणि त्यांची दोन महिन्यांची लेक बसली होती. एवढीशी होती म्हणून तिला मुंगी म्हणायचे. परदेशी फिरायला जायचा बेत बाळ होण्याआधीच ठरलेला, तिकिटं काढलेली. तान्ह्या पोरीला घेऊन कुठे निघालात, म्हणून घरच्यांनी दोघांना चांगलंच फैलावर घेतलं होतं. आई तर आधीपासूनच धास्तावलेली. मुंगी गप्प झाली की तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची, आणि रडली की आजूबाजूच्यांचे चेहरे बघायची.

मुंगी तीन तास रडली. दूध नको, खांदा नको, काही नको. मागून कुणीतरी च् च् करत होतं. शेवटी दमून झोपली, तेव्हा आईने तिला अलगद माझ्यात ठेवलं. माझ्यावरून बाळाला आडवी लावायची एक पट्टी असते, पण ती लावताना चर्रर्र आवाज होतो. आवाजाने उठेल म्हणून आईने ती लावलीच नाही.

दहा मिनिटं झाली नसतील, घंटी वाजली. आईने लगेच हात पुढे केले. बाबा कुजबुजले, “थांब गं, आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा.”

हवाई सुंदरी एकेक रांग तपासत येत होती. मनातल्या मनात मी तिला ताईच म्हणायचो. बाबांनी घाईघाईने शाल गुंडाळली, एका टोकाला डोक्यासारखा गोळा केला आणि ते गाठोडं आईच्या कुशीत दिलं. माझ्यावर दुपटं ओढलं. आईचं मन होईना, पण पाचच मिनिटं म्हणून बाबांनी तिला गप्प केलं. ताई आली तेव्हा आई चक्क शालीला थोपटत होती. ताई हसली, बाळाला जाग येऊ नये म्हणून पाय न वाजवता गेली आणि आपल्या जागेवर पट्टा बांधून बसली. मला ओरडावंसं वाटत होतं, मित्रांनो! पण पाळण्याला कुठलं तोंड?

आणि विमान एकदम खाली गेलं. भीतीने आईने हातातलं गाठोडं छातीशी घट्ट कवटाळलं. इकडे माझ्या गादीवरून मुंगी चांगली चार बोटं वर उचलली गेली. पट्टी नव्हती. तिला धरायला माझ्याकडे काहीच नव्हतं. मग ती परत गादीवर आपटली आणि रडायचंही विसरली. ती रडत नाही म्हणून मी गारठून गेलो.

आईने शाल फेकली, पट्टा सोडला आणि वाकून मुंगीला उचललं. बाबांनी आईला कमरेला धरून खाली खेचलं आणि दोघींना दोन्ही हातांनी आवळून धरलं. तेवढ्यात दुसरा धक्का बसला. माझा डावा आकडा तुटला, मी एका आकड्यावर लोंबकळत भिंतीवर आपटलो आणि माझी गादी खाली शालीशेजारी जाऊन पडली. मी रिकामा होतो. रिकामा असण्याचा इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

ताईने तिच्या जागेवरून काय पाहिलं असेल? तुटलेला पाळणा आणि खाली पडलेलं गाठोडं. विमान अजून हलत होतं, तरी ती गुडघ्यांवर रांगत आली. तिने हळूहळू शाल उलगडली. आत काहीच नाही. तेवढ्यात आईच्या कुशीतून मुंगीने भोकाड पसरलं आणि ताई तिथेच मटकन बसली.

बाबा माफी मागू लागले. ताई म्हणाली, “मी तुमच्यावर पाळत ठेवत नव्हते हो दादा. काही झालं तर बाळासाठी कुठे धावायचं, ते मला माहीत हवं ना?”

आई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. “मी शालीला धरलं. हिला सोडून मी शालीला धरलं.” ताईने तिचा हात हातात घेतला. उतरेपर्यंत मुंगी रडत होती आणि आईने तिला एकदाही गप्प केलं नाही.

माझा आकडा काही दुरुस्त झाला नाही. आता मी प्रशिक्षणाच्या खोलीत एका टेबलावर असतो. नव्याने कामाला लागलेल्यांना शिकवतात, की आईची कूस भरलेली दिसली तरी पाळण्यात हात घालून बघायचं. रोज एकेकीचा हात माझ्या गादीवरून फिरतो, आणि तेवढा वेळ मी अजूनही घाबरलेला असतो.

मित्रांनो, कधी तुमच्या घरचं तान्हं बाळ विमानात असेल, घंटी वाजेल आणि कुणी मोठं माणूस म्हणेल, झोपलंय, राहू दे. तेव्हा तुम्ही हट्ट करा. बाळाला उचलायला लावा. रडलं तर रडू द्या. मला रिकामं टांगून ठेवलंत, माझ्यात पेले टाकलेत, तरी मी मुळीच रागावणार नाही.