बोटांच्या बातम्या

मित्रांनो, तुमच्यापैकी फार थोडे मला ओळखतील. मी एक जुना टीव्ही ट्यूनर आहे. तळहाताएवढी हिरवी पट्टी, तिच्यावर पत्र्याची चौकोनी डबी आणि मागे केबलची वायर खुपसायला एक भोक, एवढाच माझा देह. घरच्या कंप्यूटरच्या पोटात मला बसवत. मग त्या कंप्यूटरवर टीव्ही दिसायचा आणि हवा तो कार्यक्रम साठवूनही ठेवता यायचा. आज सगळं मोबाइलवर हवं तेव्हा बघणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. पण तेव्हा चुकलेला कार्यक्रम चुकलाच. तो धरून ठेवणारा म्हणून माझं काय कौतुक होतं!

मला पनवेलच्या बाजारातून फुजैलने आणलं. तो जासईच्या कंटेनर यार्डात नोकरीला होता. घरात टीव्ही एकच, आणि त्यावर संध्याकाळी त्याच्या बायकोच्या, ताहिराच्या, मालिका चालत. फुजैलला क्रिकेट बघायचं असे. कुमार नावाच्या कारागिराने कंप्यूटरचं कॅबिनेट उघडलं, मला खाचेत दाबलं, स्क्रू पिळला आणि झाकण लावून टाकलं. त्या दिवसापासून मी अंधारात. बाहेर राहिला तो फक्त माझा डोळा. एका लांब तारेच्या टोकाला वाटाण्याएवढा काळा मणी, रिमोटचा इशारा ओळखण्यासाठी. कुमारने तो मॉनिटरच्या माथ्यावर चिकटवला. त्यातून समोरची खोली दिसे, तेवढंच माझं जग.

पहिली वर्षं मजेत गेली. ताहिरा शाळेत शिकवायची. दुपारच्या मालिकेची वेळ ती सकाळीच लावून जाई आणि मी ती इमानेइतबारे साठवून ठेवी. घरी आली की चहाचा कप घेऊन बसे आणि म्हणे, "शाबास रे माझ्या राजा!" कंप्यूटरला म्हणे की मला, कोण जाणे. मी ते माझ्यासाठीच घेई.

मग दोन हजार सातच्या उन्हाळ्यात त्या खोलीत एक पलंग आला. पलंगावर फुजैलचे वडील होते. त्यांचं नाव यासीन. उरणजवळच्या मोऱ्याच्या धक्क्यावरून मुंबईला जाणारी लाँच त्यांनी जन्मभर चालवली होती. लाँचचे सारंग म्हणून त्यांना सगळा किनारा ओळखायचा. आवाज असा की इंजिनाच्या धडधडीतही शेवटच्या बाकापर्यंत जाई, असं फुजैल सांगे. त्या माणसाला लकवा मारला. उजवं अंग गेलं, जीभ लुळी पडली. मोऱ्याला इलाज होईना म्हणून फुजैलने त्यांना पनवेलला आणलं.

डॉक्टरांनी त्यांना खूप प्रश्न विचारले. पण त्यांची मान त्यांच्या ताब्यात नव्हती. 'हो'लाही डुले आणि 'नाही'लाही तशीच डुले. कधी उगाच हसू फुटे, कधी रडू. शेवटी डॉक्टर म्हणाले, "कळत असेलही, नसेलही. फार आशा ठेवू नका."

डॉक्टरांचं ते वाक्य घरात राहायलाच आलं म्हणा ना! ताहिरा त्यांना वेळेवर भरवी, पुसून घेई, चादर बदली. फुजैल रोज कामावरून आला की कपाळावर हात ठेवी. माया कमी नव्हती. पण त्यांच्याशी बोलणं थांबलं. लोक त्यांच्याविषयी बोलत, त्यांच्यासमोर बोलत, त्यांच्या डोक्यावरून बोलत. ते डाव्या हाताचं बोट कशाकडे तरी दाखवू बघत, हात थरथरे, की कुणीतरी पाणी पाजी, कुणी उशी सरकवी आणि निघून जाई. त्यांना हवं होतं ते त्या खोलीत नव्हतंच. बोट दाखवणार कशाकडे?

मी समोरून बघत होतो. मी पेटीत बंद, ते देहात बंद. मला तर आवाज होता, पण तो दुसऱ्यांचा.

करमणूक म्हणून ताहिराने माझा रिमोट त्यांच्या डाव्या हाताखाली ठेवला. अंगठा तेवढा चांगला चाले. ते चॅनेल बदलत राहत. एका रविवारी दुपारी दूरदर्शनवर मूकबधिरांसाठीच्या हिंदी बातम्या लागल्या. एक बाई बातमी वाचत होती आणि दुसरी हातांनी, बोटांनी तीच बातमी सांगत होती. यासीनचाचांचा अंगठा थांबला. बातम्या संपेपर्यंत त्यांनी पापणी हलवली नाही. पुढच्या रविवारी त्या सुरू होताच त्यांनी रिमोटवरचं लाल बटण दाबलं. मित्रांनो, मी हजारो कार्यक्रम धरून ठेवले असतील, पण इतक्या जोराने ते बटण कुणी दाबलेलं मला आठवत नाही.

मग सुरू झाली शाळा. ताहिरा शाळेत, फुजैल यार्डात, घरात कुणी नाही. चाचा ती बातमीपत्रं लावत. 'पानी' हा शब्द कानावर पडला की थांबवत. बाईची बोटं बघत. मागे नेत. पुन्हा बघत. मग स्वतःचा डावा हात उचलत. आधी तो नुसता फडफडे. पण ज्या माणसाने भर वाऱ्यात लाँच धक्क्याला लावली, तो एवढ्याने थोडाच हटतो? आठवड्यांमागून आठवडे गेले आणि तो हात बोलू लागला.

पण शब्द सगळे बातम्यांतले! भूक, तहान, कंटाळा हे कुठल्या बातमीत येतात? त्यांच्यापाशी होते मंत्री, सरकार, पाऊस, दवा, चर्चा, बंद. 'घर' मात्र मिळालं होतं. घराची खूण दोन हातांची असते, दोन्ही पंजे टोकाशी जुळवून छप्पर करायचं. चाचांना एकच हात. त्यांचं छप्पर अर्धंच होई. संध्याकाळी फुजैल समोर आला की ते तो अर्धा पंजा हवेत तिरका धरत. धरत आणि त्याच्याकडे बघत.

"ताहिरा, बघ गं, अब्बांचा हात पुन्हा उडतोय," फुजैल घाबरून म्हणे.

"हो ना. हल्ली फार वाढलंय."

डॉक्टर येऊन गेले. "झटके आहेत. गोळी लिहून देतो, झोप लागेल," म्हणाले.

माझ्या पोटात त्या खुणांचे अर्थ साठवलेले होते. कुणी एक फाइल उघडली असती तरी पुरे होतं. एकदा फुजैलने उघडलीसुद्धा. पण अर्थासाठी नाही, जागा कमी पडली म्हणून. "हे काय? त्याच त्याच बातम्या! ट्यूनर बिघडलाय, आपोआप रेकॉर्ड करतोय," असं म्हणत त्याने दिसतील तेवढ्या पुसून टाकल्या. पलंगावर चाचांच्या घशातून एक आवाज आला. फुजैलने वळून त्यांची चादर नीट केली. झोपाळलेल्या हातून रिमोट सारखा खाली पडे, म्हणून तोही कपाटावर गेला.

गोळीने चाचा दिवस दिवस झोपून राहू लागले. जागे असले तर डोळ्यांवर धुकं. त्याच दिवसांत फुजैल त्यांच्या उशाशी बसून कुणाशी तरी फोनवर बोलला. "नाही हो, आता काय उरलंय? नुसतं शरीर आहे. मोऱ्याचं घर बंद पडून सडतंय, विचार चाललाय काढून टाकायचा." चाचा भिंतीकडे तोंड करून होते. गालावरून पाणी उतरलं ते फुजैलला दिसलं नाही. मला दिसलं. पण मी कुणाला सांगणार, आणि कसा?

दुसऱ्या दिवशी ताहिराने गोळी भरवली आणि पाणी पाजलं. ती वळताच चाचांनी लुळ्या गालात लपलेली गोळी जिभेच्या टोकाने कशीबशी ढकलली आणि उशीत गाडली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. हळूहळू धुकं निवळलं. हात पुन्हा वर येऊ लागला.

आणि मग ती दुपार आली. शाळेला सुट्टी होती. ताहिरा राहिलेली मालिका बघायला माझ्यासमोर बसली. फाइलींना नावं नव्हती, नुसत्या तारखा. तिने एक उघडली ती नेमकी पुसायची राहून गेलेली बातम्यांची. पुराची बातमी होती. ती बंद करणार, तोच मॉनिटरच्या काचेत तिला मागचा पलंग दिसला. पडद्यावरच्या बाईने बोटं वरून खाली आणली, पाऊस. काचेतल्या हाताने तीच बोटं वरून खाली आणली. ताहिरा गर्रकन वळली. तिला वाटलं, लहान मूल नक्कल करतं तसं करताहेत. पुन्हा बघू म्हणून तिने चित्र थांबवलं.

चित्र थांबलं. हात थांबला नाही. पुढचा शब्द, त्याच्या पुढचा शब्द, ती बातमी चाचांनी शेवटपर्यंत सांगून टाकली.

ताहिराच्या हातातला कप कलंडला. "या अल्लाह! अब्बा... तुम्हाला कळतं? सगळं कळतं?"

चाचांनी हात उचलला आणि अर्धं छप्पर धरलं.

तिला अर्थ कळेना. पण ती मास्तरीण होती, विद्यार्थ्यापुढे हार मानणारी नव्हती. उरलेल्या चार-दोन फाइली तिने पुढेमागे करून पालथ्या घातल्या. एका बातमीत पूरग्रस्तांना घरं दिली होती. तिथे ते छप्पर सापडलं. पूर्ण, दोन हातांचं. तिने उठून स्वतःचा पंजा त्यांच्या पंज्याला टेकवला. छप्पर जुळलं. "घर?" ती म्हणाली. चाचांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. या वेळी ते रडू उगाच फुटलेलं नव्हतं.

फुजैल आला तेव्हा ती दारातच उभी होती. "आत चला. अब्बा बोलतात."

"वेडी झालीस का? झटके आहेत ते. डॉक्टरांनी सांगितलंय ना?"

"डॉक्टरांनी सांगितलं, तुम्ही ऐकलंत. आता अब्बा सांगतात ते बघा!"

फुजैल पलंगाशी उभा राहिला, हाताची घडी घालून. चाचांनी दोन खुणा केल्या. ताहिराने त्या फाइलींतून शोधून त्याला दाखवल्या. एक 'दवा', दुसरी 'बंद'. मग चाचांनी उशी चाचपली, तशी तिने तिची खोळ झटकली. गोळ्या फरशीवर घरंगळल्या. फुजैलने वाकून एक उचलून बघितली. चाचांनी त्याच्याकडे बोट केलं आणि आणखी एक खूण केली. ताहिरा ती शोधता शोधता हसायलाच लागली. "अहो, तुम्हाला मंत्री म्हणतात!"

फुजैलही हसला. हसता हसता त्याचा चेहरा बदलला. त्याला तो फोन आठवला असावा. तो खाली बसला, वडिलांचा हात कपाळाला लावला. "अब्बा, मी इथेच बसून बोललो होतो. तुम्ही ऐकलंत? सगळं?" आणि तो लहान पोरासारखा रडू लागला.

चाचांनी हात हळूच सोडवून घेतला. त्याच्या डोळ्यांसमोर बोटं वरून खाली आणली. पाऊस. मग मूठ मिटली. बंद.

हे शब्द ताहिराला शोधावे लागले नाहीत.

त्यानंतर रविवारी ती बातमीपत्रं तिघं मिळून साठवू लागली. ताहिराने मूकबधिर मुलांना शिकवणाऱ्या एका बाईंना गाठलं. त्या येऊ लागल्या, तशा भूक, तहान, कंटाळा या खुणाही घरात आल्या. गोळी बंद झाली. मात्र चाचांचे पाय चालणं, जीभ वळणं, यातलं काहीच परत आलं नाही. देह बंदच राहिला. त्याला फक्त एक खिडकी पडली होती. आणि त्या खिडकीतून ते रोज एकच मागत, घर.

फुजैल आधी नाही म्हणाला, मोऱ्याला मोठा दवाखाना नाही म्हणून. पण अखेर मंत्री नमले. मोऱ्याचं घर झाडून-रंगवून घेतलं. जासईचं यार्ड तिथूनही जाण्यासारखं होतं. ताहिराने उरणच्या शाळेत नोकरी बघितली. नवा लॅपटॉप आला होता, त्यामुळे माझा कंप्यूटर इथेच माळ्यावर टाकायचं ठरलं.

निघायच्या सकाळी सामान टेम्पोत गेलं. चाचांना चाकाच्या खुर्चीत बसवून फुजैल दाराकडे नेत होता. चाचांनी हात उंचावून त्याला थांबवलं आणि खुर्ची माझ्याकडे वळवायला लावली. मग माझ्या डोळ्यात डोळा घालून त्यांनी सावकाश चार खुणा केल्या.

"कुणाशी बोलतात?" फुजैलने विचारलं.

ताहिराला आता खुणा पाठ होत्या. ती म्हणाली, "त्याच्याशी. म्हणतात, 'बातम्या इथे संपल्या. नमस्कार.'"

दार लागलं. वायर उपटलेली होती, तरी मी कितीतरी वेळ पुढच्या इशाऱ्याची वाट बघत होतो.

मोऱ्याला चाचा किती दिवस राहिले, अंगणातून त्यांना समुद्र दिसायचा का, मला माहीत नाही. माळ्यावर बातम्या पोचत नाहीत. पुढे घरोघरी सेट-टॉप बॉक्स आले आणि मला समजायची ती केबलची भाषाच बंद झाली. आज मला कुणी वायर जोडली तरी पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसतील. माझा डोळा भिंतीकडे वळलेला आहे. त्याचं वाईट वाटतं, पण तक्रार नाही. मी यंत्र आहे. यंत्राला पेटीत राहावं लागतं.

माणसाला राहावं लागू नये. म्हणून मित्रांनो, माझ्यासारखी जुनी यंत्रं टाकायची तर खुशाल टाका, फक्त त्यांच्या पोटात कुणी काय साठवलंय ते एकदा उघडून बघा. आणि तुमच्या घरात कुणी न बोलणारं असेल, तर त्याच्या डोक्यावरून बोलू नका. समोर बसा. त्याचा हात हलला तर लगेच चादर सारखी करू नका. थोडं थांबा, आणि पुढचा शब्द येतो का बघा.