साखरपुड्याचं डिफरन्शियल

अश्विन जिजूंनी साखरपुड्याची भेट म्हणून ताईला डिफरन्शियल द्यायचं ठरवलं आणि आमच्या घरात सगळ्यांना अगदी भरून आलं. बाबांनी तर फोन करकरून नातेवाइकांना सांगितलं, "जावई किती मॉडर्न आहे बघा! दागिना नाही, गाडीचा पार्ट देतोय, पार्ट!" तो पार्ट नक्की काय करतो हे बाबांना माहीत नव्हतं. जिजूंनाही माहीत नव्हतं, फक्त बाबा तसं कबूल तरी करतात.

गाडी ताईची आहे. अंजली ताई अंबडला एका कारखान्यात क्वालिटी डिपार्टमेंटला आहे आणि ही जुनी लाल स्विफ्ट तिने स्वतःच्या पगारातून घेतली. आठवडाभर ती हीच गाडी घेऊन घरून कंपनीत जाते, आणि एखाद्या रविवारी हीच गाडी सिन्नरच्या पुढे एक छोटा ट्रॅक आहे तिथे पळवते. चांगली पळवते. मी अकरावीत आहे, लायसन्स अजून नाही, पण टायरची हवा मी बघते, वेळ मी लावते आणि फोटो मी काढते. जिजू व्हिडिओ काढतात. स्वतःचे.

आता डिफरन्शियल म्हणजे काय ते सांगते, कारण ते कळलं नाही तर जिजू किती महान आहेत तेही कळणार नाही. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं आणि आतल्याला कमी. म्हणून इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटायला मध्ये डिफ असतं. साधं डिफ आमच्या गणिताच्या सरांसारखं आहे. जो मस्ती करतो त्याच्याकडेच सगळं लक्ष. वळणावर आतलं चाक हलकं होऊन घसरायला लागलं की सगळी ताकद त्यालाच मिळते, ते नुसतं गरगरतं आणि ज्याची पकड आहे ते बिचारं बसून राहतं. लिमिटेड स्लिप डिफ हे होऊ देत नाही. त्यात दोन जाती. एक हेलिकल, म्हणजे तिरक्या दात्यांचे गिअर एकमेकांना दाबून धरतात, आवाज नाही, कटकट नाही. दुसरी प्लेटांची. ती जोरदार पकडते, पण प्लेटा झिजतात, सारखं ऑइल बदला, आणि गाडी हळू वळवताना खालून कट-कट वाजतं. त्यातही टू-वे म्हणजे रेस दिली तरी पकडणार आणि रेस सोडली तरी पकडणार. ताईच्या गाडीत असलं डिफ घातलं तर वळणात शिरताना गाडीचं नाक वळायलाच मागणार नाही.

ताईला हेलिकल हवं होतं. केव्हाचं ठरलं होतं तिचं. मला पन्नासदा सांगून झालं होतं. पण जिजूंनी परस्पर टू-वे ठरवलं, आणि ताई गप्प.

"अगं सांग ना त्यांना," मी म्हणायचे.

"भेट आहे पल्लवी. भेटीत काय सांगायचं असतं?"

"भेट खोलीत ठेवायची नाहीये ताई! गिअरबॉक्स उघडून आत बसवायचीये. रोज चालवणार कोण?"

ती कपड्यांच्या घड्या करत बसायची. मला तिचाही राग आला होता, खरं सांगते. कारखान्यात सुपरवायझरने चुकीचा माल पास करायला सांगितला तर ही बाई सरळ नाही म्हणते. आणि इथे, जो माणूस अजून नवरासुद्धा झालेला नाही, तो हिच्या गाडीचं पोट उघडून त्यात स्वतःची आवड भरणार आणि ही थँक्यू म्हणणार! आज डिफ, उद्या नोकरी कुठली, परवा ट्रॅकवर जायचं की नाही. आज बोलली नाही तर संपलंच.

रविवारी सकाळी सार्थकच्या ग्रुपची मिसळ असते, गंगापूर रोडला पुढे मळ्यांच्या बाजूला. सार्थक म्हणजे जिजूंचा मित्र, जो सगळ्यांचे पार्ट जपानहून एकदम मागवतो. त्या दिवशी त्याची ऑर्डर जाणार होती. ताई आणि मी पोचलो तर जिजू आधीच बसलेले, आणि सार्थक उठून उभा.

"या वहिनी, या!"

साखरपुडा अजून व्हायचाय, पण याच्यासाठी वहिनी. मला म्हणाला, "काय छोटी, शाळा काय म्हणते?" मी म्हटलं, "शाळेला सुट्टी आहे, तुझ्या गाडीला कधी?" कारण त्याची गाडी महिन्यातले पंधरा दिवस गॅरेजमध्ये असते. जिजूंना ते आवडलं नाही.

हे लोक गाड्यांचे शौकीन म्हणवतात. म्हणजे काय, तर काळे चष्मे घालून बॉनेट उघडायचं आणि आत बघून "हम्म" म्हणायचं. एक जण रश्श्यात पाव बुडवत म्हणाला की टू-वेच घ्या, आवाज आला पाहिजे, लोकांना कळलं पाहिजे की गाडीत काहीतरी आहे. बाकीच्यांनी माना डोलावल्या. पार्ट निवडायची ही पद्धत! मग घुंगरू बांधा ना चाकांना, स्वस्तात पडेल.

"हेलिकल भारी असतं, नाही असं नाही," सार्थक मोठ्या मनाने म्हणाला. "पण एक चाक हवेत गेलं की हेलिकल झोपतं. आणि वहिनींची गाडी तर चाक उचलते!"

"उचलते म्हणजे? हे बघ!" म्हणत जिजूंनी फोन काढला. त्यांचा डीपीच तो आहे. लाल स्विफ्ट वळणात झुकलेली आणि एक चाक जमिनीपासून वीतभर वर. फोन टेबलाभोवती फिरला. वा, वा झालं. पुरावा मिळाला, टू-वे पक्कं.

तो फोटो मी काढलेला आहे.

"ते मागचं चाक आहे," मी म्हटलं.

"मग?" सार्थक म्हणाला.

"मग स्विफ्ट पुढच्या चाकांवर चालते. मागची दोन नुसती मागनं येतात. त्यांच्यात डिफ आहे का?"

जिजूंनी फोटो मोठा केला, लहान केला, परत मोठा केला. शेवटी सार्थकच म्हणाला, "आज मागचं उचललं, उद्या पुढचं उचलेल!" आणि सगळे खो खो हसले, जणू काही त्याने शोध लावला.

"पल्लवी," जिजू म्हणाले, "मोठी माणसं बोलताहेत ना? पाव घे अजून." मग सार्थककडे वळून, "लिहून टाक. टू-वे. अंजूला काय, तिला फक्त चालवायचंय."

मी ताईकडे बघितलं. तिने चमचा खाली ठेवला.

"सार्थक, तुझ्या गाडीत टू-वेच आहे ना? पुढच्या चाकांनाच?"

"हो वहिनी! ओरिजिनल!"

"चावी दे. अश्विन, तुम्ही पण चला."

मी न विचारताच मागे बसले. ताईने गाडी रिव्हर्स घेतली आणि स्टिअरिंग पूर्ण फिरवलं, तर खालून असा आवाज आला की शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी उठून बघितलं. कट, कट, कटाक. टायर ओरडत होते. पार्किंगमध्ये! चालायच्या वेगाने! जिजूंनी वरचं हँडल धरलं.

ताई रस्त्यावर आली, दुभाजक संपतो तिथे यू-टर्न घ्यायला लागली. गाडी वळेना. दोन्ही चाकांना सारखंच पळायचं होतं, वळायचं कोणालाच नव्हतं. स्टिअरिंग हातातून सुटू बघत होतं. एका फेरीत वळण बसलंच नाही, मागे घेऊन परत वळवावी लागली, आणि मागून द्राक्षांचा पिकअपवाला जे ओरडला ते मी इथे लिहू शकत नाही.

"मी रोज पाथर्डी फाट्याला यू-टर्न घेते," ताई म्हणाली. "जाताना. येताना द्वारका चौकात तास तास गर्दीत. हे असं."

"सवय होईल गं," जिजू म्हणाले.

मनापासून म्हणाले ते! हँडल घट्ट धरून, कपाळावर घाम, आणि सवय होणार कोणाला, तर हिला.

ताईने गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं.

"अश्विन, हे भेट म्हणून नको मला. डिफ मी घेईन. हेलिकल. माझ्या पैशांनी, माझ्या नावावर."

"अगं, पण मी सगळ्यांना सांगितलंय! तुझ्या बाबांना, ऑफिसात..."

"मग सांगा बदललं म्हणून."

"आणि साखरपुड्याला काय देऊ मग? रिकाम्या हाताने येऊ?"

"साडी द्या. साडी मी वर्षातून दोनदा नेसेन. गाडी मला रोज चालवायचीये."

मला टाळ्या वाजवायच्या होत्या. हात अक्षरशः मांड्यांखाली दाबून बसले मी. मला वाटलं आता हा माणूस दार आपटून उतरणार, चालत जाणार, बाबांना फोन करणार, लग्न मोडणार. मोडू दे, मी मनात म्हटलं, एवढ्याशा गोष्टीवरून मोडत असेल तर मिसळीचं बिल मी भरते.

जिजू उतरले नाहीत. म्हणाले, "टू-वे खरंच एवढं वाईट असतं?"

"वाईट नसतं. पण माझ्यासाठी नाही ते."

"मला वाटलं, तुला ट्रॅकवर..." मग एकदम लहान आवाजात विचारलं, "साडीचा रंग कुठला?"

चार महिने झाले स्थळ ठरून. माझ्या कानांनी ऐकलेला, ताईला काय हवंय हे विचारणारा त्यांचा हा पहिला प्रश्न, आणि तो निघाला साडीच्या रंगाचा! मी कपाळावर हात मारला. माझ्या ताईने आता तरी सांगायला हवं होतं की रंग तुम्हीच ठरवा, तुम्हाला ठरवायची फार हौस आहे.

पण ती चक्क विचारात पडली. नख चावत बसली, आणि म्हणाली, "मोरपंखी. काठ मोठे नकोत."

"मोरपंखी," जिजू म्हणाले, आणि फोनमध्ये लिहून घेतलं.