डाव्या गालावरचा तीळ

ब्रसेल्सचे विणकर भिंतीवरचे पडदे पाठीकडून विणत, त्यामुळे धाग्यांखाली घातलेलं चित्र पडद्यावर उलटं उतरे. चित्रकार गिलिसला हे तोंडपाठ होतं. पडद्यात उजव्या हातात हवी असलेली तलवार तो मुकाट डाव्या हातात काढी. सद्गुणांना बायकांच्या रूपात दाखवणाऱ्या नव्या पडद्यात मात्र त्याने 'आशे'ला आपल्या मेलेल्या बायकोचा, कातलाइनचा चेहरा दिला. तिच्या डाव्या गालावर तीळ होता.

पडदा मागावरून उतरला आणि सरळ बाजू वर आली. तीळ उजव्या गालावर होता. कुणी परकीच बाई गिलिसकडे बघून हसत होती.

"सगळ्या तलवारी उलट्या काढल्यास आणि बायको तेवढी सुलटी?" विणकर वाउटर म्हणाला. तो कातलाइनचा भाऊ.

"तिला उलटी काढायला हात धजला नाही रे. तिच्या चित्राचा माझा कागद तेवढा परत दे."

"कसला कागद? मागाखाली घालायला पट्ट्या कापल्या त्याच्या. चिंध्या झाल्या, चुलीत गेल्या." वाउटर पडद्याकडे बघत राहिला. "पण आरशात ती अश्शीच दिसायची, केस विंचरताना. तू कधी बघितलंच नाहीस?"

गिलिसने आठवून पाहिलं. ती आरशासमोर असायची तेव्हा तो कागदावर वाकलेला असायचा.