शाल पांघरलेला ॲम्प्लिफायर

भर दुपारी अर्धं इंझोरी गाव जगदेवच्या टिनाच्या खोलीत कोंबलं होतं आणि उरलेलं अर्धं खिडकीला लटकलं होतं. जगदेव जाऊन महिना झाला होता. टेबलावर त्याचा जुना ॲम्प्लिफायर, हळदीकुंकू लावून, हार घालून, लोकरीच्या शालीत गुंडाळलेला, मोबाइलवरचं भजन वाजवत होता.

"बारा वाजले. आता येते पाहा आवाज," खिडकीतला सोमला म्हणाला.

आणि आला. भजन फाटलं, घरघरलं आणि भोंग्यातून लांबलचक हुंकार निघाला.

"जगदेवभाऊ कण्हून राह्यले वं माय!" दुर्गाबाईने हात जोडले.

मौनीबाबा पुढे सरसावले. हे मौनीबाबा सकाळपासून अखंड बोलत होते. "आत्मा तडफडतोय! ॐ ह्रीं क्लीं, भोंगाय शांतय शांतय!" त्यांनी शाल काढली, कमंडलूतलं गंगाजल मशीनच्या मागच्या पत्र्यावर शिंपडलं आणि दहा मिनिटं मंत्र म्हटले. कण्हणं थांबलं. बाबांनी पुन्हा शाल पांघरली.

"आत्म्याला थंडी वाजते," ते म्हणाले. बाहेर चव्वेचाळीस डिग्री होतं.

बाबांचं निदान पक्कं होतं. सून वैभवीने सासऱ्याच्या मशीनला हात लावला, म्हणून आत्मा आत अडकला. गुरुवारी मशीन विहिरीत सोडायचं. मशीन जाणार म्हणून वैभवीला वाईट वाटत होतंच. पण सासू सोजरबाईंनी नऊ दिवसांपासून दुपारचं जेवण सोडलं होतं. "ते आतमंधी जळून राह्यले, अन् मी भाकर कशी खाऊ?" वैभवीला हे बघवत नव्हतं.

मशीनचं सगळं काम तिला जगदेवनेच शिकवलं होतं. पन्नासेक वर्षांपूर्वी रिसोडच्या एका वरातीत त्याने हे मशीन पहिल्यांदा लावलं. तेव्हा बाकीच्यांची मशीनं काचेच्या व्हॉल्व्हची. बटण दाबायचं, चहा पिऊन यायचा, तोवर ती तापून बोलायला लागत. जगदेवच्या मशीनमध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर होते. बटण दाबताच "हॅलो!" आणि नवरदेव घोड्यावरून खाली, स्वतःच्या इच्छेने नव्हे. लोकांनी तेव्हाही नारळ फोडला होता. जगदेवने तिथेच पेचकस घेऊन मशीन उघडलं आणि आत कोणी बसलेलं नाही हे वऱ्हाडाला दाखवलं.

सुनेला तो सांगायचा, "व्हॉल्व्हले गरमी लागते पोरी. याले सोसत नाई. याले वारा देजो."

आता त्याच्या मशीनवर गावाने जगदेवला सत्कारात दिलेली शाल होती, आणि सत्काराची शाल काढणं म्हणजे गावाचा अपमान. शालीवरून वैभवीची नजर हटेना.

बुधवारी गर्दी जमली तेव्हा शाल खुंटीवर होती आणि मशीनच्या मागे पंखा फिरत होता. बारा वाजले. साडेबारा झाले. भजन ठणठणीत.

"आत्मा सुट्टीवर गेला काय?" सोमला वैतागला.

"बलावू का?" म्हणत वैभवीने पंखा बंद केला, चुलीवरचा लाल तवा आणला आणि मशीनच्या मागच्या पत्र्याजवळ धरला. थोड्या वेळाने हुंकार उठला.

"बाबा, म्हणा मंत्र."

बाबांनी म्हटले. हुंकार वाढला. बाबांनी आवाज चढवला; मशीनने त्याहून चढवला. मग वैभवीने तवा बाजूला ठेवला, बाबांचा कमंडलू उचलला आणि स्टीलच्या पेल्यात उपडा केला. खळखळ बर्फाचे खडे पडले. गंगा थेट हिमालयातून आली असावी. पेला पत्र्याला टेकवून तिने पंखा लावला आणि डोळे मिटून एकोणतीसचा पाढा सुरू केला. असे चार पाढे झाले. पाचव्यांदा "एकोणतीस सत्ते दोनशे तीन" येईतो कण्हणं थांबलं.

"म्हंजे मुक्ती पाढ्यानं भेटते?" दुर्गाबाईने विचारलं.

"बर्फानं भेटते, काकी. हे जुने ट्रान्झिस्टर तापले का जास्त करंट ओढतात, अन् जास्त ओढला का आखीन तापतात. मंग आवाज फाटते, घरघर होते. टिनाची खोली, उन्हाळा, वरून लोकरीची शाल! तुमाले कोंबून ठेवलं तर तुमी नाई कण्हणार? कोनी चमत्कार दाखवला तर पाया पडाच्या आधी झाकन काढून पाहा. मामाजीनं हेच केलं होतं."

मौनीबाबा त्या दिवशी पहिल्यांदा मौनात गेले. गेले ते थेट एसटी स्टँडपर्यंत.

सोजरबाई पुढे आल्या. त्यांनी पत्र्यावर तळवा ठेवला.

"म्हंजे आतमंधी ते नव्हतेच?"

"नाई आत्याबाई. मामाजी गेले. त्याइले काईच दुखून नाई राह्यलं."

सोजरबाईंनी पदराने डोळे पुसले. खुंटीवरची शाल काढली, झटकली, घडी करून पेटीत ठेवली.

"तो तवा थंडा कराले कायले ठेवला?" त्या म्हणाल्या. "दोन भाकरी थाप."